पायाकडे पाहणारा दवाखाना

ही पुस्तिका ज्यांच्या हातात पडावी असं वाटतं, त्यांत तज्ज्ञ डॉक्टर फार थोडे आहेत. गावातल्या आशाताई, उपकेंद्रातली सिस्टर, समुदाय आरोग्य अधिकारी, रुग्णालयातला ड्रेसर, खिडकीतून गोळ्या देणारा फार्मासिस्ट आणि रस्त्याच्या कडेला चपला शिवत बसणारा कारागीर, ही ती माणसं. मधुमेही माणसाचा पाय राहतो की जातो, हे बहुतेक वेळा यांच्यापाशीच ठरतं. सर्जनच्या टेबलावर आलेला पाय हा बहुधा उशीर झालेला पाय असतो.

उदगीर तालुक्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला सोयाबीनची धसकटं माहीत आहेत. तुरीचं धसकट जाड असतं, लांबून दिसतं. सोयाबीनचं बारीक, तिरकं कापलेलं असतं आणि झिजलेल्या स्लिपरच्या तळातून आत शिरतं. लातूर जिल्ह्यात ज्वारीच्या रानांवर सोयाबीन पसरत गेलं, तशी ही धसकटं आपल्या पायांखाली आली. ज्याचा पाय जागा आहे तो जागच्या जागी खाली बसतो, धसकट उपसतो, शिव्या घालतो आणि पुढे जातो. ज्याचा पाय बधिर झाला आहे तो तसाच घरी येतो. संध्याकाळी फरशीवर उमटलेले रक्ताचे डाग सुनेला दिसतात, त्याला नाही. काट्याचा नायटा होतो असं आपण बोलताना सहज म्हणतो. बधिर पायाच्या बाबतीत ते शब्दशः घडतं.

हे का घडतं ते ताईंना समजावून सांगता आलं पाहिजे, म्हणून थोडं विस्ताराने लिहितो. रक्तातली साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की संवेदना नेणाऱ्या नसांपैकी सगळ्यात लांब नसा आधी बिघडतात. त्या पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या. म्हणून मुंग्या, आग आणि मग बधिरपणा यांची सुरुवात बोटांपासून होते आणि तो वर सरकतो. घाम आणणाऱ्या नसाही मंदावतात. कातडी कोरडी पडते आणि टाचेला भेगा जातात. पायातले बारीक स्नायू दुबळे होतात, बोटं आकडतात, तळव्याच्या एकाच जागी सगळा भार पडू लागतो. त्या जागी घट्टा धरतो. लोक त्याला कुरूप म्हणतात आणि ब्लेडने तासतात. पण तो घट्टा आतल्या मांसाला चपलेतल्या खड्यासारखा टोचत राहतो आणि त्याच्याखाली जखम तयार होते, वरून काही दिसत नसताना. त्यातच तंबाखू-बिडी असेल, पायाचा रक्तपुरवठा आकसला असेल, तर ती जखम भरून येण्याची ताकदच उरत नाही.

आणि मग घरचे उपाय. भेगांवर बिबा. बिब्याचं तेल निरोगी कातडीवरही फोड आणतं. बधिर पायावर ते भाजतं आणि भाजल्याचं कळत नाही. मुंग्या येतात म्हणून पाय गरम पाण्यात बुडवून बसणारे आहेत, विस्तवाजवळ तळवे शेकणारे आहेत. मोटारसायकलच्या सायलेन्सरला लागून भाजलेली पिंढरी आहे, चैत्र-वैशाखात नवस म्हणून अनवाणी चालून डांबराने सोललेले तळवे आहेत. धान्याच्या घरात झोपलेल्या माणसाचं बोट रात्री उंदराने कुरतडलं आणि सकाळपर्यंत जाग आली नाही, ही ऐकीव भीती नाही. अशा जखमा वैद्यकीय लेखनात नोंदलेल्या आहेत.

देशाचं चित्र मोठं आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने भारतात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज दिला. पायाच्या जखमांवर काम करणारे जगभरचे डॉक्टर सांगतात की मधुमेही माणसाला आयुष्यात कधीतरी पायाला जखम होण्याची शक्यता पाचात एक ते तिनात एक इतकी असते, आणि मधुमेहामुळे कापाव्या लागलेल्या पायांपैकी शंभरात सुमारे 85 पायांची सुरुवात अशा एखाद्या साध्या जखमेने झालेली असते. म्हणजे जखम वेळेवर दिसली असती तर यांतले बरेच पाय वाचले असते. कामाची जागा इथे आहे.

आता आपल्या व्यवस्थेकडे पाहू. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग, हृदयरोग यांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 साली सुरू झाला. तिशीपुढच्या प्रत्येकाची आशाताई घरी जाऊन माहिती भरतात, उपकेंद्रात बोटाला सुई टोचून साखर पाहिली जाते, प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या मिळतात, मोठ्या रुग्णालयात असंसर्गजन्य आजारांचा वेगळा कक्ष असतो. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. ही मोठी कमाई आहे आणि ती हलक्यात घेऊ नये. देवर्जन, नळगीर, वाढवणा अशा गावांतल्या म्हाताऱ्या माणसाला आज मेटफॉर्मिनसारख्या मधुमेहाच्या गोळ्यांसाठी पैसे मोजावे लागू नयेत, अशी सोय उभी राहिली आहे.

पण या साऱ्या साखळीत पाय बहुतेक ठिकाणी कुणी पाहत नाही. रुग्ण येतो, दारात चपला काढतो, अनवाणी आत येतो, साखर बघतो, दाब बघतो, गोळ्या घेतो, बाहेर जाऊन चपला घालतो. पाय उघडाच होता, समोरच होता. पाहायला दोन मिनिटं लागली असती. गर्दी हे एक कारण आहे. दुसरं कारण आपल्या वागण्यात मुरलेलं आहे. म्हातारा माणूस डॉक्टरसमोर पाय पुढे करायला लाजतो; बाई साडीची किनार घोट्याखाली ओढून घेते; आणि कित्येक शिकलेल्या हातांना दुसऱ्याचा पाय धरणं अजून हलकं वाटतं. यात जातीचा अंश आहे हे स्पष्टच म्हणायला हवं. हंडरगुळीच्या बाजारात देवणी बैल घेणारा माणूस दात बघतो, चालवून बघतो आणि खूर उचलून बघतो. त्याशिवाय तो पैसे काढत नाही. त्याच माणसाचा स्वतःचा पाय वर्षानुवर्षं कुणी उचलून पाहिलेला नसतो.

या पुस्तिकेला एक गोष्ट ठासून सांगायची आहे, आणि माझ्या मते तीच महत्त्वाची आहे. बधिर पाय कसा सांभाळायचा, हे सरकारी आरोग्यसेवेला नव्याने शिकायचं नाही. तिला ते येतं. कुष्ठरोगाच्या कामात ती ते शिकलेली आहे.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड 1940 च्या दशकाच्या अखेरीस कुष्ठरुग्णांचे हात-पाय तपासू लागले, तेव्हा बोटं रोगामुळे सडून गळतात असाच समज होता. ब्रँड यांनी दाखवून दिलं की मांस सडत नाही, संवेदना जाते. बाकीचं काम रोजच्या इजा करतात. रात्री बोटं कशी नाहीशी होतात याचा शोध घेताना उंदीर सापडले, म्हणून तिथल्या रुग्णांना मांजरं पाळायला दिली गेली. जखम झालेल्या पायाला भार पडू न देणं, तळव्याला लागून बसणारं प्लास्टर घालणं, मऊ रबराच्या तळाच्या चपला देणं, या गोष्टी त्या कामातून घडत गेल्या. 1966 साली ब्रँड अमेरिकेतल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच उपाय मधुमेही पायांना लावले. आज लंडन-न्यूयॉर्कच्या मधुमेही पायांच्या दवाखान्यांत जे प्लास्टर वापरतात, त्याच्यामागे कुष्ठरुग्णांच्या पायांवरून मिळालेलं शहाणपण आहे.

महाराष्ट्राला हे परकं नाही. मनोहर दिवाण यांचं दत्तपूर 1936 चं, शिवाजीराव पटवर्धनांचं अमरावतीचं तपोवन 1946 चं, बाबा आमट्यांची महारोगी सेवा समिती 1949 ची. त्या संस्थांमधून जखमा धुणारे, पट्ट्या बांधणारे, बधिर तळवे रोज पाहायला शिकवणारे कार्यकर्ते तयार झाले. पुढे सरकारी कार्यक्रमातही विकृती टाळण्याचं काम आलं. कुष्ठरोग तंत्रज्ञ बॉलपेनच्या टोकाने तळव्याची संवेदना तपासतो, रुग्णाला पाय पाण्यात भिजवून तेल लावायला शिकवतो आणि मायक्रोसेल्युलर रबराच्या, म्हणजे एमसीआरच्या चपला मोफत देतो. आपल्याकडे दुसरंही उदाहरण आहे. लातूर आणि नांदेड हे हत्तीरोगाचे जिल्हे; त्या कार्यक्रमात सुजलेल्या पायाच्या रुग्णाला टब, मग, साबण, टॉवेल आणि मलम देऊन पाय कसा धुवायचा, बोटांच्या बेचक्या कशा कोरड्या करायच्या, हे प्रत्यक्ष करून दाखवतात.

म्हणजे एकाच आरोग्य केंद्रात एका आजाराचा बधिर पाय तपासला जातो, त्याला चप्पल मिळते. दुसऱ्या आजाराचा तसाच बधिर पाय गोळ्या घेऊन घरी जातो. आशाताई तिशीपुढच्या माणसांसाठी जो अर्ज भरतात, त्यात तळव्याला वारंवार मुंग्या येतात का, तळव्यावर वारंवार जखम होते का, असे प्रश्न आहेत. ते कुष्ठरोगाच्या संशयासाठी घातलेले आहेत. ज्याला शुगर आहे आणि ज्याने या प्रश्नांना ‘हो’ म्हटलं आहे, त्याचा अर्ज फक्त कुष्ठरोगाच्या टेबलावर जाऊन थांबू नये. दोन्ही कार्यक्रमांची दारं एका ओसरीवर उघडतात. मधली भिंत कागदाची आहे.

तपासणी किती सोपी आहे ते पुढच्या पानांवर चित्रांसह आहे. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा मिळाला तर उत्तम. नसला तर स्वतःचं बोट पुरतं. इंग्लंडमधल्या इप्सविच इथल्या डॉक्टरांनी 2011 साली ही पद्धत प्रसिद्ध केली. रुग्णाला डोळे मिटायला सांगायचं आणि दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला व करंगळीला तर्जनीने अलगद, एक-दोन सेकंद स्पर्श करायचा. दाबायचं नाही, थोपटायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त जागी कळलं नाही, तर पाय बधिर होतोय असं धरायचं. मग बोटांच्या बेचक्या, टाचा, नखं, घट्टे, पायाच्या पाठीवरची नाडी. ज्याची संवेदना आणि नाडी दोन्ही ठीक, त्याला वर्षातून एकदा पाहिलं तरी चालतं. संवेदना गेली असेल तर सहा महिने ते वर्षात एकदा. त्याबरोबर बोटं आकडलेली असतील किंवा नाडी लागत नसेल, तर तीन ते सहा महिन्यांनी. ज्याला पूर्वी जखम होऊन गेली किंवा बोट काढावं लागलं, तो दर एक ते तीन महिन्यांनी दिसायलाच हवा. तालुक्यातल्या सगळ्या मधुमेही माणसांचे पाय दर महिन्याला पाहायचे नाहीत. शेवटच्या गटातल्या थोड्या माणसांना मात्र कधीही नजरेआड होऊ द्यायचं नाही.

जगात हे कुणी केलं आहे का, असा प्रश्न येतो. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात डॉ. मायकेल एडमंड्स यांनी 1981 साली पायासाठी वेगळा दवाखाना सुरू केला. डॉक्टर, पायाची निगा घेणारा, चप्पल बनवणारा, सर्जन असे सगळे एकाच छताखाली आणले, आणि काही वर्षांत तिथल्या पाय कापण्याच्या शस्त्रक्रिया निम्म्यावर आल्या. इंग्लंडच्या आरोग्यसेवेचा आजचा नियम असा आहे की मधुमेही पायाला जखम दिसली की एका कामकाजाच्या दिवसात त्याला पायाच्या पथकाकडे पाठवायचं. आपल्याकडे पायाची निगा हा वेगळा व्यवसायच नाही, म्हणून तिकडचा नमुना जसाच्या तसा उचलता येत नाही. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनी ही अडचण ओळखली. 2004 च्या सुमारास टांझानियातल्या आणि नेदरलँड्समधल्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी ‘स्टेप बाय स्टेप’ हा उपक्रम उभा केला. त्यात लहान गावा-शहरांतून एक डॉक्टर आणि एक सिस्टर किंवा साहाय्यक अशी जोडी शिकवली जाई. एकट्या डॉक्टरला शिकवलं तर गर्दीत त्याचं शिक्षण विरून जातं. जोडी असली की एकाने पाहिलं नाही तरी दुसरी पाहते. मुंबईचे सर्जन डॉ. अरुण बाळ यांनीही भारतीय पायांचा, म्हणजे अनवाणी चालणाऱ्या, अंगठ्याच्या चपला घालणाऱ्या पायांचा वेगळा विचार व्हावा, हे लावून धरलं. उदगीरच्या सरकारी रुग्णालयात आणि तालुक्याच्या केंद्रांत अशा जोड्या बांधायला नवी इमारत लागत नाही.

रुग्ण वर पाठवण्याची गोष्ट मात्र सोपी नाही. लातूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उदगीरहून साठ-पासष्ट किलोमीटर, नांदेडचं त्याहून लांब. बिदर जवळ, पण तिथे राज्य बदलतं आणि योजनेचं कार्डही. हैदराबादला जाणारी रेल्वे आहे, म्हणून काहीजण तिकडे वळतात. जखम झालेला मजूर या सगळ्या फेऱ्यांचा हिशेब करतो आणि ‘उद्या बघू’ म्हणतो. कोणती जखम उदगीरमध्येच बरी करायची आणि कोणती त्याच दिवशी 108 च्या रुग्णवाहिकेने लातूरला न्यायची, हे ठरवण्याचा तक्ता म्हणूनच या पुस्तिकेत सगळ्यात ठळक छापला आहे. ताप, जखमेचा वास, घोट्याकडे चढणारी लाली, काळं पडलेलं बोट, अचानक गरम होऊन सुजलेला पण न दुखणारा पाय. यांतलं एकही दिसलं तर ‘उद्या’ नाही.

मला सर्वांत जास्त काळजी चपलेची वाटते. महात्मा फुले जन आरोग्य योजना दाखल रुग्णाच्या शस्त्रक्रियांभोवती बांधलेली आहे. पाय बिघडल्यावर पैसा आहे. बिघडू नये म्हणून लागणाऱ्या चपलेला नाही. बधिर पायाची चप्पल कशी असावी याचे नियम मोजके आहेत. तळ एमसीआरचा, त्याखाली धसकट आत न शिरणारा कडक थर. खिळे अजिबात नाहीत. शिवण किंवा चिकटवण. अंगठ्यात अडकवायची पट्टी नको, ती बेचकीत घासते. मागे टाचेला पट्टा हवाच, कारण बधिर पायातून चप्पल निसटून पडते आणि माणूस तसाच चालत राहतो. ही चप्पल उदगीरच्या कारागिराला शिकवली तर तो शिवेल. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ 1974 पासून चर्मकार समाजासाठीच आहे. आरोग्य विभागाने त्यांच्याकडून माप देऊन चपला घ्याव्यात, यात दोघांचंही भलं आहे. एक अडचण खरी आहे. सरकारी एमसीआर चप्पल लोक ओळखतात आणि ‘ती रोगाची चप्पल’ म्हणून घालायला तयार होत नाहीत. कुष्ठरोगाविषयीचा हा कलंक अन्यायाचाच आहे, पण तो आज आहे. म्हणून रंग, पट्टे, घाट बाजारातल्या चांगल्या सँडलसारखे करावेत, आणि कुष्ठरुग्णांनाही तीच नवी चप्पल द्यावी.

सोय जवळ झाली की लोकांची समजूत बदलते, हे उदगीरने डोळ्यांच्या बाबतीत पाहिलं आहे. उदयगिरी लायन्स नेत्र रुग्णालयामुळे मोतीबिंदू झालेल्या म्हातारीला घरात बसवून ठेवायचं नसतं, हे आसपासच्या गावांना कळलं. सीमेपलीकडची कानडी-तेलुगू बोलणारी माणसंही उदगीरला येतात. पायाच्या दवाखान्याची पाटी लागली तर तिथेही तेच लोक येतील, म्हणून सूचनापत्रक मराठीबरोबर उर्दू, कानडी आणि तेलुगूत असावं असा माझा आग्रह आहे. नमाजाआधी वजू करणारा माणूस दिवसातून अनेकदा बोटांच्या बेचक्यांपर्यंत पाय धुतो. त्याला पाय पाहायला वेगळा वेळ काढायला सांगावं लागत नाही, फक्त नंतर बेचक्या कोरड्या करायला आणि तळवा आरशात पाहायला सांगायचं. कोजागरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्याला जाऊ नको म्हणून उपयोग नाही. मोजे आणि बंद चप्पल घालून जा, रोज रात्री बरोबरच्या माणसाकडून तळवे पाहून घे, हे तो ऐकतो.

नोंदीबद्दल थोडं. दरमहा किती तपासले, किती सापडले, किती उपचारावर आहेत हे वर कळवलं जातं. तालुक्यात या वर्षी मधुमेहामुळे किती बोटं आणि किती पाय काढावे लागले, हा आकडाही त्याच कागदावर असावा, खाजगी रुग्णालयांसकट. प्रत्येक कापलेल्या पायामागे जाऊन विचारावं की पहिली जखम कधी झाली, कुणाला दिसली, तिथून पुढे किती दिवस गेले. मातामृत्यूचं असं परीक्षण आपण करतो. आणि आशाताईंना या कामाचा मोबदला मिळालाच पाहिजे. पाय तपासणं हे त्यांच्या इतर कामांत फुकट घुसडायचं काम नाही.

वेळापत्रक शेतीच्या हिशेबाने लावावं. पहिली तपासणी सोयाबीन काढणीच्या आधी, म्हणजे धसकटं उभी राहण्यापूर्वी. तांड्यांवरची आणि ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची दिवाळीआधी, जाताना पुरेशा गोळ्या आणि चप्पल देऊन. कारण त्यानंतर काही महिने ती माणसं साखर कारखान्यांच्या पट्ट्यात, आपल्या यादीबाहेर असतात. दुसरी फेरी उन्हं तापण्यापूर्वी. पायाचं माप घेण्याचा कागद पुस्तिकेच्या शेवटी आहे. त्यावर पाय ठेवून पेन्सिल फिरवायची, घट्टे आणि जखमेच्या जागा खुणेने दाखवायच्या आणि पान फाडून कारागिराकडे द्यायचं. म्हणून त्या पानाची मागची बाजू कोरी ठेवली आहे.